लहान म्हणजे कशापेक्षा

सुनीतीला कंटाळा आला होता. कॉव्हेंट्रीतल्या नोव्हेंबरचा आला होता, दुपारचा चहा होईपर्यंत विझून जाणाऱ्या उजेडाचा आला होता, आणि सगळ्यात जास्त वाट बघण्याचा आला होता. बाईचा निम्मा जन्म नवरा घरी यायची वाट बघण्यात जातो आणि उरलेला निम्मा तो आल्यावर जेवायला कधी बसणार ह्यात, असं ती महाराष्ट्र मंडळात मैत्रिणींना सांगायची. मैत्रिणी हसायच्या. हसायला काय जातंय, ती काही गंमत करत नव्हती.

नवरा म्हणजे डॉक्टर शशिधर, हॉस्पिटलमधले पॅथॉलॉजिस्ट. ह्या डॉक्टरांना पेशंट कधी दिसत नाही. पेशंटचा नखाएवढा तुकडा दिसतो, तोही काचेच्या पट्टीवर रंगवून ठेवलेला. मायक्रोस्कोपला डोळा लावायचा आणि लिहायचं, गाठ साधी आहे की वाईट. काम बसल्या जागचं, पण त्या एका ओळीवर कुणी ऑपरेशनला जातं आणि कुणी सुटकेचा श्वास टाकून घरी जातं.

साल दोन हजार सहा. येत्या जानेवारीत शशिधर पासष्ट पुरे करणार होते. त्यानंतर हिवाळाभर पुणे, उन्हाळ्यात इथे, असा सुनीतीचा बेत केव्हाचा शिजून तयार होता. तेवढ्यात हॉस्पिटलने त्यात मोडता घातला. माणसं मिळत नाहीत हो, आणखी दोन वर्षं राहाल का, असं क्लिनिकल डायरेक्टरने मोठ्या आर्जवाने विचारलं, आणि शशिधर हरखले. हो की नाही ते सोमवारी सांगायचं होतं. आज रविवार होता.

खरं तर हो सांगून ते मोकळे झाले असते. पण मध्ये ती काच आली.

नीना म्हणून विभागात एक तरुण कन्सल्टंट होती. ठरावीक प्रकारच्या काचा एकाने बघितल्यावर दुसऱ्यानेही बघायच्या, असा तिथला नियम. शशिधरनी साधी म्हणून बाजूला ठेवलेली एक काच नीनाने बघितली, परत बघितली, आणि हळूच म्हणाली, "सर, आपण दोघं मिळून एकदा बघू या का?" दोघांनी मिळून बघितली. नीनाचं बरोबर होतं. रिपोर्ट अजून बाहेर गेलेला नव्हता, कुणाचं काही बिघडलं नाही, आणि नीनाने तर पुढे तो विषयही काढला नाही. तिने विषय काढला नाही ह्याचंच शशिधरना जास्त लागलं.

मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाणं झालं. त्याने पडदा तपासला, मध्यभागी थोडा फरक पडतोय म्हणाला, वयाप्रमाणे पडतोच, गाडी चालवायला हरकत नाही.

"गाडी चालवायला हरकत नाही म्हणे," घरी येऊन शशिधर कोट काढता काढता म्हणाले. "समोरून बस आलेली दिसते मला. पेशीचं केंद्रक काय बसएवढं असतं?"

सुनीतीने तो कोट घेऊन खुंटीला अडकवला. हल्ली महिनाभर ते आणखीही एक तक्रार करत होते, की लॅबमधली मुलं काचा नीट रंगवत नाहीत, सगळं फिकं फिकं येतं. ही तक्रार तिने आधीही ऐकली होती, पण आता ती नव्याने ऐकू आली. फिकं काचेवर होतं की त्यांच्या डोळ्यांत?

सकाळी तनयाचा बेसिंगस्टोकहून फोन आला होता. तनया म्हणजे त्यांची मुलगी, तिकडे एका सॉफ्टवेअर कंपनीत. तिचं मराठी इथेच वाढलेलं, त्यामुळे जरा हात सोडून चालायचं.

"बाबा नाही सांगणार आहे का उद्या?" तिने विचारलं.

"माहीत नाही गं. आज स्वतःची परीक्षा घेणार आहेत म्हणे. नाण्यांवर."

"ओह गॉड. नाण्यांवर?" मग तनया म्हणाली, "पण आई, बी ऑनेस्ट. तुला तर तेच पाहिजे होता ना, तो घरी बसलेला?"

"हो," सुनीती म्हणाली. "पाहिजे होतं." आणि फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ तिला स्वतःचाच राग येत राहिला.

नाण्यांचं प्रकरण जुनं. तरुणपणी शशिधर वर्षभर अमेरिकेत क्लीव्हलँडला शिकायला होते, तेव्हा तिथल्या एका म्हाताऱ्या लॅब टेक्निशियनने त्यांना तंबाखूच्या डबीत घालून दहा सेंटची जुनी चांदीची नाणी दिली. डाइम म्हणतात त्याला. आपल्या जुन्या चार आण्याएवढंही नाही. एका बाजूला पंखांची टोपी घातलेली बाई, दुसऱ्या बाजूला काठ्यांची मोळी, आणि मोळीच्या पायथ्याशी ज्या टांकसाळीत नाणं पाडलं तिचं अक्षर. सॅन फ्रान्सिस्कोचा एस. आता १९४५ साली झालं असं की त्याच टांकसाळीच्या काही डाइमांवर नेहमीचा एस उमटला आणि काहींवर त्याहून बारका. बाकी नाणं तेच. ज्यांना हा नाद आहे ते बारक्याला मायक्रो एस म्हणतात आणि तो सापडला की आनंदाने वेडे होतात. शशिधर झाले. पुढे अर्धे डॉलर आले, पाव डॉलर आले, कुठे दुसऱ्या टांकसाळीचा मोठा डी, कुठे लहान डी, बर्मिंगहॅमच्या नाण्यांच्या जत्रा आल्या, ईबे आलं. लोकांचे नवरे रविवारी गवत कापतात, हा माणूस भिंग घेऊन एसकडे बघत बसतो, ह्याच्यापुढे सुनीतीने केव्हाच हात टेकले होते.

पण एक गोष्ट तिला ह्या नादातली आवडायची. सुरुवातीला तिने एकदा नाणं हातात घेऊन म्हटलं होतं, हा लहान दिसतोय. तर शशिधर लगेच म्हणाले, "लहान म्हणजे कशापेक्षा? एसकडे बघूच नकोस आधी. शेजारी 'वन' लिहिलंय ना, त्यातल्या ईकडे बघ. मग एसकडे ये." नुसतं लहान किंवा नुसतं मोठं असं जगात काही नसतं, असं त्यांचं म्हणणं. केंद्रक मोठं झालंय म्हणणाऱ्या शिकाऊ डॉक्टरलाही ते हेच विचारायचे. कशापेक्षा? शेजारची तांबडी पेशी बघितलीस का? आणि बघूनही ठरवता येत नसेल तर लिही, सांगता येत नाही. ते लिहायला हिंमत लागते, पण तेही उत्तरच आहे. असे शिकवलेले कितीतरी जण आता देशभर पसरले होते.

परीक्षेला लागणारी नाणी देवाच्या डबीतली घ्यायची, असं शशिधरनीच ठरवलं. चांगल्या नाण्यांना सारखा हात लावायचा नसतो, आणि देवाच्या डबीतली नाणी तशीही कामातून गेलेली होती. ती घालवली होती सुनीतीनेच. लग्नानंतर इथल्या पहिल्या लक्ष्मीपूजनाला घरात चांदीचं नाणं नव्हतं. टेबलाच्या खणात नवऱ्याची काळी पडलेली नाणी सापडली, तेव्हा तिने फोलसहिल रोडवरच्या देशी दुकानातून चिंच आणली, मीठ घेतलं, आणि एकेक डाइम असा लख्ख घासून काढला की आरशासारखा. संध्याकाळी शशिधर घरी आले, चौरंगासमोर उभे राहिले आणि मटकन खाली बसले. जुनं नाणं घासलं की संपलं, मग त्याला काडीची किंमत राहत नाही, हे तिला कोण सांगणार? रागावले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "आता ही देवाची." तेव्हापासून कुणी धुऊन घालवलेला डाइम त्यांना कुठे मिळाला की तेही आणून त्याच डबीत टाकायचे. त्यात दोन्ही प्रकारचे एस होते, एवढं त्यांना माहीत होतं. कुठलं नाणं कुठलं, ते दोघांनाही आठवत नव्हतं.

जेवणं आटोपल्यावर शशिधरनी खिडकीजवळचं टेबल मोकळं केलं. दिवा ओढला. दोन बशा मांडल्या, डावीकडची लहान एसला, उजवीकडची मोठ्याला. सुनीतीने त्यांच्याकडे पाठ करून नाणी डबीतून ट्रेवर ओतली, मोळीची बाजू वर केली आणि ट्रे त्यांच्यापुढे सरकवला.

"मी लावतो, तू तपास," ते म्हणाले. "तुझा मोतीबिंदू काढल्यापासून तू घार झालीयस."

"आणि चुकलं तर?"

"तर उद्या नाही सांगतो." ते अगदी साध्या आवाजात म्हणाले. "एस कळत नसेल तर केंद्रक काय कळणार आहे? लोकांच्या काचा आहेत त्या."

पहिलं नाणं त्यांनी खांदे वर ओढून भिंगाखाली धरलं. सुनीती समोर बसून ओवाळून घ्यायला बसल्यासारखी स्वस्थ राहण्याचा प्रयत्न करत होती. ते नाणं गेलं डावीकडे. दुसरं उजवीकडे. तिसरं घेताना खांदे जरा खाली आले. चौथ्या नाण्याला तर त्यांनी भिंग घेऊन नुसती नजर टाकली आणि टाकलं बशीत.

"दिसतंय की गं," ते म्हणाले. "स्वच्छ दिसतंय. खोबणीत मळ बसलाय थोडा, जुन्या चांदीला बसतोच, पण अक्षर कसं उठून दिसतंय. उगीच घाबरलो मी."

ट्रे रिकामा झाला. शशिधर उठले, दोन्ही हात वर करून आळस दिला, आणि कितीतरी आठवड्यांनी त्यांच्या तोंडावर त्यांचं नेहमीचं हसू आलं. "तपास तू. मी चहा टाकतो. आलं कुठाय?"

हा माणूस आपण होऊन चहा टाकायला गेला. सुनीतीला इतकं बरं वाटलं की क्षणभर पुणं, हिवाळा, दोन वर्षं, सगळं डोक्यातून गेलं. करू दे काम करायचं तर, ती मनात म्हणाली. आनंदात आहे ना, झालं तर मग. आत ते गुणगुणत होते. तिने भिंग घेतलं आणि डावीकडच्या बशीतलं पहिलं नाणं उचललं.

आधी ई, मग एस. लहान. बरोबर. दुसरंही बरोबर. एकेक करत तिने दोन्ही बशा बघितल्या आणि एकही नाणं चुकलेलं नव्हतं. सगळी बरोबर होती. आणि सगळ्यांवर, मोळीच्या फटींत, ईच्या दातांमध्ये आणि एसच्या दोन्ही वळणांत, तो मळ होता. गडद, वाळलेला, कडेला तपकिरी झालेला.

तो मळ नव्हता. तिने नाणं दिव्याखाली तिरपं केलं आणि नखाने एसची कड खरवडली. नखाच्या टोकाला लाल लागलं.

कुंकू होतं ते. गेल्याच महिन्यात तिने दुधात कालवून अनामिकेने एकेका नाण्याला लावलं होतं, दर वर्षी लावायची तसं, आणि पूजा झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसून डबीत ठेवलं होतं. वरचं पुसलं गेलं. खोबणीतलं कुठे जातंय? वर्षानुवर्षांचं साचलं होतं. भोवती लाल, मध्ये चांदीचं अक्षर. असं अक्षर आंधळ्यालाही दिसलं असतं. ज्या माणसाने जन्मभर रंग ओळखायचा पगार घेतला, त्याला हा रंग ओळखता आला नाही, कारण त्याला तो ओळखायचाच नव्हता.

सुनीतीने नाणं खाली ठेवलं. तिला एकदम फार दमल्यासारखं झालं.

गप्प बसता आलं असतं. विचारणार कोण होतं? उद्या ते हो सांगतील, आणखी दोन वर्षं जातील, तिच्या वाट बघण्याच्या इतक्या वर्षांत अजून दोन. आणि बोललं तर तिला हवं तेच मिळणार होतं, आयतं, ताटात वाढून. तेच तर अवघड होतं. ती बोलली की शशिधर म्हणणार नाहीत, पण त्यांच्या मनात येईल, हिला हवंच होतं. तनयाच्या मनात येईल. तिच्या स्वतःच्या मनात तर आलंच होतं.

मग तिला जुनं आठवलं. बरीच वर्षं झाली, तिच्याच छातीत एक गाठ निघाली होती. शशिधरनी ती काच आपल्या विभागात येऊच दिली नाही, माझे डोळे भितील म्हणाले, म्हणून ती लेस्टरला पाठवली गेली. तिथे कुणी अनोळखी माणूस ती बघणार होता. तो आठवडा सुनीती भांडी घासताना एकच मागणं मागत होती. तो माणूस फार हुशार नसला तरी चालेल, नुसता नीट बघणारा असू दे. गाठ साधी निघाली. तो माणूस कोण होता ते तिला कधीच कळलं नाही.

ती उठली. सिंकमधलं पातेलं घेतलं, कोमट पाणी घेतलं, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकले आणि दोन्ही बशा त्यात रिकाम्या केल्या. खिडकीत जुना टूथब्रश होता, त्याने ती एकेक नाणं घासायला लागली.

"अगं, आता काय घासतेस?" शशिधर कप घेऊन वळले. "तुझी चिंच अजून..." आणि त्यांची नजर पातेल्यात गेली. पाणी गुलाबी झालं होतं.

ते बघत राहिले. काचा रंगवताना निघणारं गुलाबी पाणी त्या माणसाने आयुष्यात जितकं बघितलं असेल तितकं कुणी बघितलं नसेल. त्यांना काही सांगावं लागलं नाही.

"रंगवलेलं होतं," ते म्हणाले.

"कुंकू होतं," सुनीती म्हणाली. "माझ्याही लक्षात नव्हतं हो. आत्ता कळलं, बघताना."

"किती बरोबर होती?"

"सगळी."

त्यांनी कप ओट्यावर ठेवले. मग फडकं घेतलं आणि तिच्या हातातून एकेक नाणं घेऊन टिपायला लागले. दोघांनी मिळून नाणी कोरडी केली. ट्रेवर मांडली. शशिधर परत दिव्याखाली बसले, पहिलं नाणं उचललं, भिंग डोळ्याला लावलं. नाणं पुढे नेलं, मागे आणलं. दिवा सरकवला. चष्मा काढून बघितलं, घालून बघितलं. बाहेर शेजाऱ्याची गाडी येऊन थांबली, दार आपटलं, कुणीतरी हसलं.

त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"सांगता येत नाही," ते म्हणाले.

दुसरं नाणं त्यांनी उचललंच नाही.

सुनीतीला वाटलं होतं, हे एकदा झालं की सुटल्यासारखं वाटेल. काहीच सुटलं नाही. पोरीचं लग्न लावून दिल्यावर मांडवात वाटतं तसलं रिकामंही नाही. नवऱ्याच्या अंगावरचं काहीतरी आपण आपल्या हाताने उतरवून घेतलं, एवढंच वाटत होतं, आणि ते परत द्यायची काही सोय नव्हती.

"तू बोलली नसतीस," शशिधर म्हणाले, "तर मला कळलं नसतं."

"नसतं कळलं."

"मी उद्या हो सांगून आलो असतो."

"हो."

"मग?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होते.

तिने हात पदराला पुसले. "माझी गाठ निघाली होती ना," ती म्हणाली, "तेव्हा त्या काचेवर मी होते."

शशिधरनी मान हलवली. नुसती एकदा. मग बराच वेळ ते टेबलावरच्या ट्रेकडे बघत बसले, आणि तिला कळेना की त्यांना त्यातलं काय दिसतंय आणि काय नाही. इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. इथून पुढे रोज पडणार होता.

"उद्या नाही सांगतो," ते म्हणाले. "आणि नीनाला सांगतो, गेल्या काही महिन्यांतल्या माझ्या काचा परत बघायला. सगळ्या."

"बरं."

"तिला आवडणार नाही ते."

"करेल ती."

"करेल. चांगली आहे मुलगी." त्यांनी ते पहिलं नाणं परत चिमटीत घेतलं, क्षणभर अंगठ्याने त्याच्यावरून हात फिरवला, जसं काही बोटालाच कळेल, आणि मग ते सुनीतीच्या तळव्यावर ठेवलं. भिंग तिच्याकडे सरकवलं. "घे. तू बघून सांग. लहान की मोठा."

"आता कशाला?"

"बघ तर. डब्या भरून नाणी आहेत माझ्याकडे, कुणीतरी सांगायला नको? आधी ईकडे बघ."

तिने भिंग डोळ्याला लावलं. चांदी आता स्वच्छ होती, कुठे लाल नाही, काही नाही, सगळं एकाच रंगाचं. तिने ई शोधला. तो सापडला, आणि सापडला तोच पुसट झाला, कडा वितळल्यासारख्या झाल्या. तिने डोळा मिटला, उघडला, परत लावला. शेजारचा एस नुसता पाण्यात हलत होता.

"काय?" शशिधर म्हणाले. "लहान?"

"आत्ता नाही हो सांगता येत," ती म्हणाली.

त्यांना तिचा चेहरा दिसला की नाही कोण जाणे, पण आवाज कळला. त्यांनी हात पुढे करून तिच्या हातातलं भिंग काढून घेतलं आणि थंड झालेला चहा तिच्यापुढे सरकवला.

"असू दे," ते म्हणाले. "मग बघ. आता घाई कुठाय आपल्याला?"